चपलांच्या खोक्यातले शब्द : प्रकल्प नोंदी

26 मे

आजपासून इंग्रजी शब्द पाठ करायला सुरुवात. जीआरई, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला लागणारी इंग्रजीतली प्रवेशपरीक्षा, 23 ऑगस्टला आहे. केंद्र हैदराबादचं घेतलं, परभणीहून रात्रीच्या गाडीने जाता येतं. हातात बारा आठवडे आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज 8 नवे शब्द, म्हणजे 480. उरलेले दोन दिवस नुसती उजळणी.

गणिताची काळजी नाही, बी.टेक.ची चार वर्षं त्यातच गेली. अडतं ते भाषेत. गेल्या आठवड्यातल्या सराव परीक्षेत भाषेला 146 आले. गुण 130 पासून 170 पर्यंतच असतात, त्यामुळे हा आकडा दिसतो तितका बरा नाही. चुका एकेक करून तपासल्या. उतारे बहुतेक समजले होते, रिकाम्या जागा चुकल्या होत्या.

कोणते 480 घ्यायचे हा पहिला प्रश्न. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी आहे, 570 शब्दकुटुंबांची. ती आधी चाळली. सिग्निफिकंट, व्हेरिएबल, डिस्ट्रिब्यूशन, सगळे ओळखीचे. मृदा आणि जलसंधारणाच्या पुस्तकांत रोज भेटलेले. म्हणजे खड्डा तिथे नाही. मला येत नाहीत ते माणसांच्या स्वभावाचे, वागण्याचे आणि बोलण्याच्या सुराचे शब्द. उर्मट, चोखंदळ, घुम्या, चिवट यांना इंग्रजीत काय म्हणतात हे अभियांत्रिकीच्या पुस्तकाने कधी सांगितलंच नाही. 480 पैकी निम्म्याहून जास्त शब्द अशाच जातीचे निवडले.

28 मे

खोकं तयार झालं. आईच्या नव्या चपलांचं खोकं, आत पुठ्ठ्याच्या चार भिंती, पाच खाने. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 साली मांडली. नवं कार्ड पहिल्या खान्यात. अर्थ आला की पुढच्या खान्यात, चुकला की कुठल्याही खान्यातून परत पहिल्यात. मी ठरवलेलं अंतर: पहिला खाना रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा.

फोनवर अँकी हे कार्डांचं अ‍ॅप आहे आणि ते हेच काम जास्त नेमकेपणाने करतं. पण हाताने लिहिलेलं माझ्या जास्त लक्षात राहतं, आणि फोन हातात घेतला की तास कुठे जातो कळत नाही.

विसरण्याचा पहिला मोजून केलेला अभ्यास हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा, 1885 सालचा. त्याने स्वतःवरच प्रयोग केले, आणि आधीच्या ओळखीची मदत होऊ नये म्हणून मुद्दाम निरर्थक अक्षरगट पाठ केले. हे वाचताना जाणवलं की माझी कार्डंही आज मला तशीच आहेत. ऑब्ड्युरेट, क्वेरुलस, पर्फंक्टरी. नुसते आवाज. असले आवाज माणूस किती लवकर विसरतो, हे त्याने 140 वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय.

3 जून

48 शब्द झाले आणि पहिला मोठा दोष सापडला. अर्थ मी एका क्लासच्या छापील यादीतून घेत होते, मैत्रिणीकडून आणलेली झेरॉक्स. त्यात एनर्व्हेट म्हणजे उत्साह देणे असं दिलंय. शब्दकोश उघडला तर नेमकं उलट: शक्ती काढून घेणे. एनर्जीसारखा दिसतो म्हणून कुणीतरी अंदाजाने लिहिलं असणार. मूळ लॅटिन नर्वस, म्हणजे स्नायुबंध. तोच काढून घेतला की अंगात काय उरणार? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी रानातून परत आल्यावर माणूस जसा गळून जातो, ते एनर्व्हेटेड.

मग पूर्ण यादी तपासायला बसले. नॉइसम म्हणजे गोंगाटाचा असं छापलंय. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, अ‍ॅनॉयशी आहे; अर्थ किळसवाणा, विशेषतः वासाने. नॉनप्लस्डसमोर 'शांत' लिहिलंय. मूळ लॅटिन नॉन प्लस, यापुढे काही नाही. म्हणजे पुढे काय करावं सुचेना असा, गांगरलेला. 48 मध्ये असे 5 निघाले.

चुकीचा अर्थ पाठ होणं हे काहीच पाठ न होण्यापेक्षा वाईट, कारण तो आधी पुसावा लागतो. पाचही कार्डं फाडून नवी केली. यापुढे शब्दकोशात पाहिल्याशिवाय एकही कार्ड नाही.

7 जून

डिसइंटरेस्टेड तीनदा चुकला. दर वेळी मी 'रस नसलेला' म्हणते. ते अनइंटरेस्टेड. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा फायदा-तोटा गुंतलेला नाही असा. भावकीत बांधावरून तंटा झाला की मध्यस्थीला कुणाला बोलवतात? ज्याची जमीन त्या बांधाला लागत नाही त्याला. त्याला तंट्यात रस असतो, पूर्ण असतो, म्हणून तर तो रात्री अकरापर्यंत बसतो. फक्त त्याचा हितसंबंध नसतो. कार्डावर लिहिलं: 'बांध न लागणारा'.

पुन्हा चुकला नाही.

11 जून

बांधाच्या कार्डाने एक गोष्ट कळली. आतापर्यंत मी मागच्या बाजूला शब्दकोशातलं मराठी लिहीत होते: दुराग्रही, क्षणभंगुर, औपचारिकतेपुरता. हे शब्द मी स्वतः बोलत नाही. एका अनोळखी शब्दाला दुसरा अर्धवट ओळखीचा शब्द बांधला तर दोन्ही सुटतात. म्हणून आज नियम बदलला. मागच्या बाजूला घरात, बसस्टँडवर, भांडणात जो शब्द तोंडात येतो तोच लिहायचा. सगळी 104 कार्डं पुन्हा लिहिली, संध्याकाळचे चार तास गेले.

पर्फंक्टरी म्हणजे पाट्या टाकणे. हे इतकं नेमकं बसलं की मी उठून आईला सांगितलं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थही काम उरकून टाकणे असाच आहे. क्वेरुलस म्हणजे सतत पिरपिर करणारा. पेट्युलंट म्हणजे फुरंगटलेला. एफेमेरल म्हणजे अळवावरचं पाणी. एक्झॅसरबेट म्हणजे चिघळवणे. फॅस्टिडियस म्हणजे भाजीच्या जुडीतली प्रत्येक काडी उलटून बघणारी आत्या, चोखंदळ.

खरा कस लागला तो हट्टाच्या शब्दांना. इंग्रजीत टिनेशस, रेझोल्यूट, ऑब्स्टिनेट, ऑब्ड्युरेट. यादीत चौघांसमोर एकच 'हट्टी, ठाम'. पण मराठीत आपण किती बारीक फरक करतो! चिवट, ठाम, हेकट, निगरगट्ट. चिवट म्हणताना त्यात कौतुक असतं, हेकट म्हणताना वैताग. निगरगट्टावर बोलण्याचा काही परिणामच होत नाही. हाच क्रम त्या चौघांचाही आहे. टिनेशसच्या मुळाशी घट्ट धरून ठेवणं आहे, ऑब्ड्युरेटच्या मुळाशी कडक होणं. इंग्रजीचा बारीक फरक शिकायला मला आधी मराठीचा बारीक फरक आठवावा लागला, आणि तो मला येत होता.

15 जून

आज मुगाची पेरणी. दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झाला, वाफसा आला. आबांनी पहाटेच तिफण जुंपली. मी चाड्यावर होते, म्हणून कार्डं न घेता कालचे आठ शब्द मनात घोळवत चालत होते. डिलीरियसपाशी अडकले. अर्थ येत होता, तापात बरळणारा, भान हरपलेला. अडकले ते मुळावर. काल रात्री वाचलं होतं: लॅटिन डे म्हणजे पासून, आणि लिरा म्हणजे नांगराचं तास.

"काय पुटपुटायलीस माय?" आबांनी विचारलं.

"शब्द आहे आबा. डिलीरियस. तापात माणूस बरळतो ना, ते. पण जुन्या रोमन लोकांत त्याचा अर्थ होता तास सोडून गेलेला."

आबांनी बैल थांबवले नाहीत. थोडं पुढे जाऊन म्हणाले, "मंग बराबर हाय की. पैलं तास सोडलं की बैलाला बी कळत न्हाई कुठं जायचं."

मागे वळून पाहिलं. ओल्या काळ्या मातीत तीन रेघा, पहिल्यापासून सरळ, फक्त बाभळीजवळ बैल बिचकला होता तिथे किंचित बाहेर गेलेल्या आणि पुन्हा आत आलेल्या. भान जाणं आणि परत येणं मातीत असं लिहिलेलं असू शकतं हे मला कुठल्याही यादीने सांगितलं नसतं.

रात्री कंदिलाशेजारी (वीज आठला गेली ती अजून नाही) आणखी दोन शब्द काढले, दोन्ही त्याच शेतातले. प्रिव्हॅरिकेट, म्हणजे सरळ उत्तर न देता आढेवेढे घेणं. लॅटिनमध्ये याचा एक अर्थ वाकडं तास काढणं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की नांगरताना नीट वाकला नाही तर नांगऱ्या वाकडा जातो, आणि तिथूनच हा शब्द कोर्टात गेला. कोर्टात तो विरोधी पक्षाला आतून मिळालेल्या वकिलासाठी वापरला जाई. दुसरा व्हर्स, कवितेची ओळ. मूळ अर्थ वळणं. तास संपलं की औत वळवून पुढचं तास धरायचं, तशी ओळ.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर आहे, 1857 ची दुसरी आवृत्ती. हल्ली त्यात रोज काहीतरी बघते. खेड्यातल्या औतकाठीचे, जनावरांचे, स्वभावांचे शब्द त्यात भरपूर आहेत आणि त्यांची इंग्रजी वर्णनं वाचण्यासारखी. माझ्यासाठी तो उलट्या बाजूने उघडणारा इंग्रजीचा कोश झालाय.

19 जून

पेरणी संपली. पाच दिवसांत रोजचे आठ नवे शब्द झालेच नाहीत, उजळणीची 90 कार्डं थकली. 480 आता होणार नाहीत, 440 धरून चालते. थकलेली कार्डं रोज 30 करून तीन दिवसांत संपवायची.

24 जून

शब्द एकेकटा न घेता घराणं घेऊन पाहिलं. लॅटिन ग्रेक्स म्हणजे कळप. ग्रिगेरियस, कळपात रमणारा, माणसांत राहायला आवडणारा. काँग्रिगेट, एका ठिकाणी जमणं. सेग्रिगेट, कळपापासून वेगळं काढणं. आणि एग्रीजियस, कळपाबाहेरचा.

हा शेवटचा विशेष. पूर्वी याचा अर्थ चांगला होता: इतरांत उठून दिसणारा, थोर. पुढे इंग्रजीत तो फिरला आणि आज एग्रीजियस चूक म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. आपल्याकडे 'महाभाग' आणि 'दिवटे चिरंजीव' यांचं जे झालं तेच. दिवटी म्हणजे मशाल, आणि दिवटा म्हणजे घराण्याला काळिमा लावणारा. कार्डावर 'दिवटा' एवढंच लिहिलं. खाली आणखी एक जनावराचा शब्द जोडला, रिकॅल्सिट्रंट. मुळात टाचेने मागे लाथ मारणारा. धार काढू न देणारी लाथाळ गाय डोळ्यांसमोर आणली की आडमुठेपणाचा अर्थ चुकत नाही.

2 जुलै

पिक्युनिअरी म्हणजे पैशासंबंधी. लॅटिन पेकुस, म्हणजे गुरंढोरं; पूर्वी तीच संपत्ती. आणि हा पेकुस आपल्या पशू शब्दाचा सख्खा भाऊ. विल्यम जोन्स या इंग्रज अभ्यासकाने 1786 साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्याचं म्हटलं होतं, हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं. आता ते रोज कामाला येतंय. मॉरिबंड, मरणपंथाला लागलेला, त्यात मृत आहे. इग्नाइटमध्ये अग्नी. डेंचरमध्ये दंत. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणे, आणि लॅटिन युगुम, इंग्रजी योक, आपलं जू हे तिन्ही एकाच मुळाचे. इ.स.पू. 321 मध्ये इटलीतल्या कॉडीनच्या खिंडीत सामनाइट लोकांनी रोमच्या हरलेल्या सैन्याला खरोखरच जुवाखालून वाकून जायला लावलं होतं. आपण 'गुलामगिरीचं जोखड' म्हणतो तेव्हा तेच चित्र असतं.

या नादात एक धोका आहे, लिहून ठेवते. सारखं दिसतं म्हणून नातं असतंच असं नाही. बदनाममधला बद फारसी आहे आणि इंग्रजी बॅडचा अर्थही तोच, पण दोघांचा काडीचा संबंध नाही. लॅटिन देउस आणि आपला देव नातेवाईक, पण ग्रीक थेऑस त्या घरातला नाही. कोशात मूळ सापडलं तरच कार्डावर लिहायचं.

9 जुलै

दोन तोंडांचे शब्द. बँकेतून आबांना पीककर्जाचं सँक्शन लेटर आलं, म्हणजे मंजुरी. त्याच दिवशीच्या पेपरात एका देशावर सँक्शन्स लावल्याची बातमी, म्हणजे निर्बंध. ओव्हरसाइटही तसाच: देखरेखही आणि नजरचूकही. यांना दोन अर्थांचं एक कार्ड नको. दोन वाक्यांची दोन कार्डं केली.

16 जुलै

दुसरी सराव परीक्षा, भाषेला 150. चार गुण वाढले, अपेक्षा जास्त होती. मन थोडं खट्टू झालं, पण चुका पाहिल्यावर दिशा कळली. नुसते विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या या परीक्षेतून 2011 सालीच गेल्या. आता वाक्य देतात, सहा पर्याय देतात आणि दोन निवडायचे असतात, दोन्ही बसले तरच गुण.

एका वाक्यात असं होतं: आजोबांच्या साध्या राहणीची सगळे वाखाणणी करत. मी फ्रुगलबरोबर पार्सिमोनियस निवडलं. दोन्ही कमी खर्च करणारेच! पण वाखाणणी होते ती काटकसरीची, चिक्कूपणाची नाही. फ्रुगलची जोडी थ्रिफ्टीशी होती. अर्थ मला येत होता, बोलणाऱ्याच्या मनातला भाव सुटला होता. म्हणून आजपासून प्रत्येक स्वभावाच्या कार्डाच्या कोपऱ्यात खूण: कौतुकाला हिरवी, नावं ठेवायला लाल, नुसत्या वर्णनाला काही नाही. टॅसिटर्नला (अबोल) खूण नाही, गॅरुलसला (बडबड्या) लाल, कँडिडला (मनमोकळा) हिरवी. खूण करताना मराठी शब्द मोठ्याने वाक्यात म्हणून बघते. आवाज आपोआप चढला किंवा उतरला की रंग कळतो.

25 जुलै

आजीजवळ बसून चार शब्द केले: सँग्विन, फ्लेग्मॅटिक, कोलेरिक, मेलँकोलिक. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. ज्याचं जे जास्त तसा त्याचा स्वभाव. आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या लेखी माणूस कफाचा असतो किंवा पित्ताचा असतो, आणि 'त्याचं पित्त खवळलं' यात राग आधीच आलेला असतो. कोलेरिक तिथेच संपला. सँग्विनला मात्र वेळ लागला, कारण रक्तावरून आपल्याला आशावाद सुचत नाही. शेवटी 'रसरशीत, सगळं नीट होईल म्हणणारा' असं लिहिलं. समाधान नाही, पण चालेल.

4 ऑगस्ट

अकरा कार्डं पहिल्या खान्यातून हलत नाहीत. बहुतेक जुळी आहेत: व्हीनल आणि व्हीनिअल, इंजीनियस (कल्पक) आणि इंजेन्युअस (भोळा). व्हीनलच्या मुळाशी विक्री, म्हणजे विकाऊ, पैसे खाणारा. व्हीनिअलच्या मुळाशी क्षमा, म्हणजे माफ करण्याजोगी चूक. जुळ्यांना एकाच दिवशी शिकणं ही माझी चूक झाली. एक पक्का झाल्यावर दुसरा घ्यायला हवा होता. आता एकेक कार्ड दहा दिवसांसाठी बाजूला काढून ठेवलंय.

13 ऑगस्ट

तिसरी सराव परीक्षा, 154. वेळेत झाली: पहिला भाग 12 प्रश्न 18 मिनिटांत, दुसरा 15 प्रश्न 23 मिनिटांत. एका उताऱ्यात प्रिव्हॅरिकेट आला आणि मला बाभळीजवळची ती रेघ दिसली.

21 ऑगस्ट

नवे शब्द रविवारी संपले. मोजदाद: पाचव्या खान्यात 231, चौथ्यात 94, तिसऱ्यात 61, दुसऱ्यात 37, पहिल्यात 17. एकूण 440. उद्या पोळा, नैवेद्य दाखवून रात्रीची गाडी.

आज संध्याकाळी खांदेमळणी. बैल धुऊन आणले, आबा हळद आणि लोणी घेऊन बसले, मी बत्ती धरली. जू जिथे टेकतं तिथे सर्जाच्या खांद्यावर तळहाताएवढा भाग आहे, केस गेलेला, काळपट, चामड्यासारखा. आबांनी आधी तिथे चोळलं. सर्जा उभाच. मग हात दोन बोटं बाजूला सरकला, मऊ कातडीवर, तसं त्याचं सगळं अंग शहारलं.

"घट्ट्यावर कळत न्हाई त्याला," आबा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तळहातावरचे घट्टेही बत्तीच्या उजेडात दिसत होते. मग बैलाच्या कानाशी वाकून त्यांनी दरवर्षीसारखं आवतण दिलं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

पहिल्या खान्यातल्या 17 मध्ये एक कॅलस आहे. चारदा परत आलेला. मागे मी 'निष्ठूर' लिहिलं होतं, आणि म्हणून क्रूएलबरोबर त्याची गल्लत व्हायची. मूळ लॅटिन कालुम, म्हणजे कडक झालेली कातडी, घट्टा. क्रूर माणसाला समोरच्याचं दुखणं कळतं आणि तरी तो दुखवतो. कॅलस माणसाला ते कळेनासंच झालेलं असतं. घरात गेले, कार्ड काढलं, 'निष्ठूर' खोडून 'मन निबर झालेला' लिहिलं आणि कोपऱ्यात लाल खूण केली. बोटांची हळद कार्डाला लागली. ते कार्ड आणि उरलेली 16 रबर लावून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहेत, गाडीत बघायला.